रतिलालभाऊंची उसनी अर्थिंग

सोनगीरच्या अलीकडे, हायवेला लागून आमचा कागद कारखाना आहे. तिथल्या इलेक्ट्रिक खात्याचे सुपरवायझर रतिलालभाऊ. तेहतीस वर्षं नोकरी झाली, पण या माणसाने डोक्यात एक नवी गोष्ट शिरू दिली नाही. कानावर टेस्टर खोवून हिंडायचं, दसऱ्याला पॅनेलला हार घालायचा, आणि कोणी काही विचारलं की ठरलेलं उत्तर: "आजलगून काही व्हयनं का?" आजवर काही झालं नाही, म्हणजे पुढेही होणार नाही. मी तिथे शिफ्ट इंजिनिअर. मला भाऊंचा पहिल्या दिवसापासून तिटकारा होता आणि तो मी लपवतही नसे.

आमचा जनरेटर वीज बोर्डाच्या ट्रान्सफॉर्मरच्या जोडीने चालतो. दोन्हीकडे अर्थिंग असली की त्यांच्यात थोडा करंट फिरत राहतो, त्यामुळे आमच्या बाजूचा अलार्म सारखा वाजायचा. यावर उपाय असतात, पण त्यासाठी जाणकार बोलवावा लागतो. भाऊंनी पाना घेतला, जनरेटरच्या अर्थिंगची पट्टीच सोडवली आणि कपाटात टाकली. अलार्म बंद झाला. मॅनेजरने पाठ थोपटली.

"साहेब, एक घरले दोन मोऱ्या कसाले?" भाऊ मला म्हणाले. "बोर्डनी अर्थिंग शे ना!"

मोरीचंच बोलायचं तर ती शेजाऱ्याची होती. शेजाऱ्याने बोळा कोंबला की पाणी आपल्याच घरात तुंबणार. बोर्डाची लाईन गेली की जनरेटर बिनअर्थिंगचा एकटा उरणार. मग तीन फेजपैकी एखादा जमिनीला लागला तरी जनरेटर बंद पडणार नाही, उलट बाकीच्या दोन फेजचा जमिनीशी असलेला विजेचा दाब पावणेदोन पट होणार. जाड इन्सुलेशनच्या केबलने तो सोसला असता. तशी केबल आलीही होती, पण ती चरात वळेना म्हणून भाऊंनी परत पाठवली आणि पातळ इन्सुलेशनची मागवली. नवी कशी झटकन वळते हे आठवडाभर सगळ्यांना सांगत होते. अडाणीपणाचंही कौतुक करून घ्यायला अंगात कला लागते.

केबल जोडायचं काम भटूचं. चौथी शिकलेला, पण केबलचा काप बघून ती किती सोसेल ते सांगणारा.

"भाऊ, लाईन गई आनि जनरेटर एकलं पडनं, ते हाई केबल फाटी जाई."

"तू माले शिकाडस का? जाय, काम कर!"

मी शेजारीच उभा होतो. त्या दुपारी कँटीनमध्ये भाऊंची हुबेहूब नक्कल करून मी सगळ्यांना हसवलं. मॅनेजरला धोक्याची एक ओळ लिहून द्यायला मात्र मला सवड झाली नाही.

मे महिन्यात मालक पाहणीला येणार होते. भाऊंनी भटूला चालू लाईनवरच चरात उतरवलं, केबलच्या सैल पट्ट्या आवळायला. "पाच मिनिटनं काम शे," म्हणाले, लाईन बंद करून काम करायच्या परमिटचा कागद केलाच नाही. मी तेव्हाही पॅनेलपाशीच होतो. वारं सुटलं आणि बोर्डाची लाईन गेली. त्या झटक्यात पंपहाउसमधली एक जुनी मोटर जळून तिचा फेज जमिनीला लागला. जनरेटर चालूच राहिला, कोणाला काही कळलं नाही. पंधराएक मिनिटांनी चरात केबल फाटली.

भटूचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. उजव्या हाताची बोटं धुळ्याच्या दवाखान्यात काढावी लागली.

आता चौकशी होणार होती. चूक भटूची ठरली तर त्याची नोकरी जाणार, भाऊंची ठरली तर भाऊंची, आणि त्यांच्या निवृत्तीला सात महिने उरले होते. तिसऱ्या दिवशी ते मला सोबत घेऊन दवाखान्यात गेले. एकट्याने जायची हिंमत नव्हती त्या भित्र्या माणसात. खाटेजवळ बसून त्यांनी खिशातून भटूच्या नावाने टाइप केलेला कागद काढला: मी कोणालाही न विचारता चरात उतरलो.

भटूने तो सावकाश वाचला. "भाऊ, तुम्हीच सांगेल व्हतं ना," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "साहेब, तुम्ही व्हतात ना तठे?"

मी खरं बोललो असतो तर चौकशीत पुढचा प्रश्न मलाच आला असता: माहीत होतं, तर लिहून का दिलं नाही? मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

"तुन्ही नोकरी ऱ्हाई, मी देखसू," भाऊ म्हणाले.

भटूने डोळे मिटले. पगाराच्या कागदावर तो नेहमी सही करायचा, वळणदार अक्षरात. आता बँडेजमधून फक्त डाव्या अंगठ्याचं टोक बाहेर होतं. भाऊंनी ते दोन बोटांत धरलं. शाईचं पॅड धरायला खोलीत दुसरं कोणी नव्हतं. ते मी धरलं.