नाकाची ड्युटी

झुंबरमामांनी आयुष्यात कधी चूक केली नव्हती. हे त्यांचं स्वतःचं मत, आणि दुसऱ्या कोणाचं मत विचारायची त्यांना कधी गरज वाटली नाही. माणसाची उंची एका वयाला वाढायची थांबते, तसं काहींचं शिकणंही थांबतं. मामांचं पस्तिशीत थांबलं. आता ते सत्तावन्न वर्षांचे होते.

मूळचे नगरकडचे, पाथर्डी तालुक्यातले. बावीस वर्षांपूर्वी बोईसरला आले, औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या कँटीनमध्ये स्वयंपाकी म्हणून लागले आणि तिथेच मुरले. कारखान्यात प्लास्टिकची पिंपं बनतात. दुपारी ऐंशी माणसं जेवायला बसतात. सफाळ्याहून रोज येणारे आहेत, यूपी-बिहारचे आहेत, घाटावरचे आहेत. या ऐंशी पोटांचा कारभार मामांच्या हातात आणि मामांचा हात त्यांच्या नाकाच्या हुकमात.

कारण मामा स्वयंपाक चाखत नसत. कधीही नाही. पातेल्यातलं कोणी चाखलं की अख्खं पातेलं उष्टं, आणि उष्ट्याचा नैवेद्य देवाला कसा दाखवायचा? ही त्यांच्या आईची शिकवण. कँटीनच्या कोपऱ्यात खंडोबाची तसबीर होती, तिच्यापुढे वाटी ठेवल्याशिवाय वाढायची खिडकी उघडत नसे. बरं, नैवेद्यानंतर तरी चाखावं? तेही नाही. मामा घरचा डबा खात. मीठ, तिखट, शिजलं, न शिजलं, सगळा निवाडा वासावर. पातेल्यावर वाकायचं, डोळे मिटायचे, वाफ ओढून घ्यायची आणि जाहीर करायचं, "अर्धा चमचा मीठ कमी हाय." आणि खरंच अर्धा चमचा कमी असायचं! मसाल्याच्या डब्यांवर चिठ्ठ्या नव्हत्या. जिरं कोणतं, ओवा कोणता, हे झाकण उघडलं की नाक सांगायचं. नवीन लागलेल्या कामगाराला पहिल्या दिवशी मशीन दाखवत आणि दुसऱ्या दिवशी मामांचं नाक.

आणि मग गेल्या जूनपासून जेवण बिघडलं.

थोडंथोडकं नाही. डाळ आठवड्यातून दोनदा करपू लागली. कोशिंबिरीला जिऱ्याऐवजी ओव्याची फोडणी बसली. मोठ्या साहेबांच्या वाढदिवसाला खीर झाली, तीत वेलचीपुडीच्या जागी धनेपूड. साहेबांनी एक चमचा तोंडात घातला आणि उरलेला वाढदिवस पाण्यावर काढला. लोक दोन घास खाऊन ताटं बादलीत रिकामी करू लागले. रोज वीस-बावीस किलो अन्न वाया. शेवटी साहेबांनी सांगून टाकलं: महिनाभरात बादली हलकी झाली नाही, तर एक तारखेपासून बाहेरचा केटरर, आणि मामांनी घरी बसावं.

मामा हादरले. पण बदलले नाहीत. या दोन गोष्टींत लोक उगाच गल्लत करतात.

त्याच आठवड्यात वैभवीमॅडमनी वह्या वाटल्या. वैभवी म्हणजे कारखान्याची एचआर. पालघरची मुलगी, सत्तावीस वर्षांची, बोलायला गोड आणि चिकाटीला घोरपड. ती कुठल्याशा प्रशिक्षणाला जाऊन आली होती आणि येताना 'चिंतन वही' घेऊन आली होती. पाळी संपताना प्रत्येकाने दहा मिनिटं बसायचं आणि तीन गोष्टी लिहायच्या: आज काय झालं, त्यात माझं काय चुकलं, उद्या मी काय वेगळं करीन.

कामगारांनी वहीचं जे करायचं ते केलं. कोणी सिनेमाची नावं लिहिली, कोणी रोज 'सब ठीक' लिहून सही ठोकली. मामांनी मात्र वही मनावर घेतली. त्यांना लिहायची हौस होती आणि जगाबद्दल तक्रारीही भरपूर होत्या.

पहिल्या दिवशी त्यांनी लिहिलं: "आज डाळ करपली. प्रदीप फिटर शेगडी बघायला येतो म्हणाला, आला नाही. माझी चूक: प्रदीपवर विश्वास ठेवला. उद्या ठेवणार नाही."

दुसऱ्या दिवशी: "कोशिंबीर लोकांनी टाकली. वाण्याने जिऱ्यात ओवा मिसळला. माझी चूक: मी भोळा आहे. उद्याही भोळाच राहीन, स्वभावाला औषध नाही."

तिसऱ्या दिवशी: "लोकांना अन्नाची किंमत नाही. माझी चूक: या लोकांसाठी मी फार करतो."

वैभवीने हे वाचलं आणि कपाळाला हात लावला. "मामा, हे चिंतन नाही. ही पोलीस तक्रार आहे."

"खरं तेच लिवलंय, मॅडम."

"वाणी वाईट, फिटर वाईट, ऐंशी माणसं वाईट. मग या सगळ्यांत चांगले असलेले तुम्ही एकटेच कसे?"

"तेच तर म्हंतो मी! माझं नशीबच तसलं."

आता घरची हकिकत. मामांच्या बायकोची, नर्मदाबाईंची, वेगळीच परीक्षा चालली होती. चार-पाच वर्षं झाली, नवरा रोज डबा परत आणून म्हणायचा, "नर्मदे, तुझ्या हाताची चव गेली." बाईंनी आधी मसाला वाढवला, मग लसूण वाढवला, मग दोन्ही वाढवले. आता त्या फोडणी टाकू लागल्या की चाळीतली माणसं खिडक्या लावून घेत आणि शेजारचं मांजर दुसऱ्या मजल्यावर राहायला गेलं होतं. तरी नवरा म्हणे, "मिळमिळीत."

"आवो, डोळ्यांतून पाणी येतंय तुमच्या!"

"ते तुझी कीव येऊन येतंय."

अशा माणसाशी संसार केलेल्या बाईला पुरस्कार वगैरे नको, नुसतं माहेरी महिनाभर पाठवा.

मामांचं आणखी एक आवडतं वाक्य होतं. "वसाहतीतला वास पार गेला बघा. आदी नाल्याकडंनं नाक धरल्याबिगर जाता येत न्हवतं. आता कशी सोच्छ हवा! सरकारनं काम केलं." ऐकणारे एकमेकांकडे बघत. मामांना पुढच्या निवडणुकीत तिकीट हवंय, असा प्रदीपचा अंदाज होता.

पंधरा दिवस गेले. बादली बावीस किलोवर अडून बसली. वैभवीने वही परत केली आणि म्हणाली, "मामा, आता कारणं लिहायची नाहीत. कोण काय बोललं, कोणी फसवलं, काही नको. फक्त तुमच्या हातांनी काय केलं ते लिहा. आठ वाजता काय, नऊ वाजता काय. आणि त्याआधी मागची सगळी पानं एकदा वाचून काढा."

मामांना हा अपमान वाटला. पण एक तारीख जवळ येत होती, म्हणून दुपारची भांडी झाल्यावर ते मागच्या दाराच्या पायरीवर बसले आणि वाचायला लागले. आपलंच लिखाण, त्यामुळे सुरुवातीला मजा आली. 'माझी चूक: मी भोळा आहे' याला तर त्यांनी मान डोलावली. पण तेच ते पंधरा दिवसांचं वाचल्यावर कंटाळा आला. स्वतःच्या तोंडची रड स्वतःला ऐकावी लागली की ती फार लांबते. मग त्यांनी पेन उघडलं.

"आठ वाजता तांदूळ निवडले. नऊ वाजता डाळ लावली. साडेनऊला डाळीवर वाकून वास घेतला. वास..."

इथे पेन थांबलं.

वास कसा होता? डाळीसारखा होता. म्हणजे कसा? मामांनी आठवून पाहिलं. आठवला तो वास बऱ्याच वर्षांपूर्वीचा होता, कँटीनला पत्र्याचं छप्पर होतं तेव्हाचा. आजचा काही केल्या आठवेना. कालचाही नाही. ते उठले, आत जाऊन हिंगाची डबी उघडली आणि नाकाला लावली. काही नाही. ओवा. काही नाही. लसणीच्या पाकळ्या चेचल्या. पुन्हा काही नाही. "माल भेसळीचा," असं त्यांच्या ओठावर आलंसुद्धा. पण समोर वही उघडी होती आणि तिच्यात भेसळ आधीच अकरा वेळा लिहिलेली होती.

मामा तसेच बाहेर पडले ते वसाहतीमागच्या नाल्यावर जाऊन उभे राहिले. उभे राहून त्यांनी छाती भरून श्वास घेतला. स्वच्छ हवा! शेजारून पाळी सुटलेले कामगार चालले होते, प्रत्येकाच्या नाकावर रुमाल. प्रदीप तर हेल्मेट तोंडावर धरून पळत होता. यूपीकडचा कमलेश मामांना असे खोल श्वास घेताना बघून थबकलाच.

"महाराज, यहाँ प्राणायाम? मरना है क्या?"

"कमलेश, खरं सांग. वास हाय?"

"अरे, आँख जल रही है!"

मामा कठड्यावर बसले. साथीच्या दुसऱ्या लाटेत त्यांना ताप आला होता. तेव्हा वास गेला होता आणि डॉक्टर म्हणाले होते, येईल परत. मामा तो परत आला असं धरून चालले. स्वतःच्या नाकाची चौकशी करायची त्यांना कधी वेळच मिळाली नाही, कारण तो सगळा वेळ सरकारचं कौतुक करण्यात गेला.

पण मग इतकी वर्षं जेवण चांगलं कसं होत होतं? बिघडलं जूनमध्ये. जूनमध्ये काय झालं? एकच गोष्ट झाली होती. पारूने काम सोडलं होतं.

पारू ही त्यांची मदतनीस. मासवणची पोर, सहा वर्षं मामांच्या हाताखाली होती. आता गावातल्याच शाळेत मुलांचा भात शिजवते. सुट्टीच्या दिवशी मामा पालघरहून एसटी धरून मासवणला गेले. पारू अंगणात तांदूळ पाखडत होती.

"आगं बया, मामा! चाय घेता?"

"चहा ऱ्हाऊ दे. पारू, मला वास येत न्हाई."

"ते मला ठावं हाय," पारू म्हणाली आणि पाखडत राहिली.

"ठावं हाय? कवापासनं?"

"तुमी तापातून उठून आलात ना, तवापासून. दूध नासलेला, नि तुमी बोललात काय सुरेख वास सुटलाय."

"मग सांगायचं न्हाई व्हय?"

"सांगलेला! तुमी बोललात, पारू, तुजाच नाक बिघडलाय, जा दवाखान्यात. मी गेली पन. डाक्टर बोलला, नाक बेस हाय तुजा."

मामांना ते आठवलं. आठवलं तेव्हा कान लाल झाले.

"मग मी मीठ कसं वळखायचो?"

"तुमी कुठं वळखायचात? मी वाटीत काडून कोपऱ्यात चाखायची, मंग बाजूला हुबी राहून बोलायची, आज मीठ कमी वाटतो नाय? मंग तुमी वाकायचात नि बोलायचात, अर्दा चमचा कमी हाय." पारूने डोळे मिटून, मान तिरकी करून मामांची अशी हुबेहूब नक्कल केली की तिची सासू घरातून बाहेर येऊन हसायला लागली.

मामांनी कोणाला तरी सल्ला विचारायचं ठरवलं. हे त्यांना नवीन होतं. ते म्हणाले, "आता काय करू?"

"चाखा."

"उष्टं हुतंय."

"वाटीत काडा. आदी देवाची वाटी ठेवा, मंग तुमची वाटी घ्या, बाहेर पायरीवर बसून खा. टोपात कोन तोंड घालाया सांगतो तुमाला?"

बावीस वर्षं! वाटीत काढून खाण्याइतका सोपा उपाय, आणि तो या गृहस्थाला सुचला नाही. कारण सुचण्यासाठी आधी आपल्यात काहीतरी कमी आहे असं वाटावं लागतं.

दुसऱ्या दिवशी मामांनी डाळ केली, देवापुढे वाटी ठेवली, दुसरी वाटी घेऊन पायरीवर गेले आणि पहिला घोट घेतला. मग ते आत जाऊन खंडोबाला म्हणाले, "देवा, आणि तू हे रोज खात हुतास?" आणि मीठ-तिखट घालून, पुन्हा वाटीत काढून चाखून त्यांनी डाळ ठीक केली.

साडेबाराला खिडकी उघडली. ताटं घेऊन रांग उभी होती, वैभवी बाजूला, आणि नेमके मोठे साहेबही बादली बघायला आलेले. मामांनी पळी खाली ठेवली.

"आईका सगळे. मला वास येत न्हाई. पाच वर्सं झाली. डाळ मी करपवली, ओवा मी घातला. वाणी चांगला हाय. प्रदीपबी बरा हाय."

मग प्रदीप म्हणाला, "म्हंजे खिरीत धनेपूड तुमी मुद्दाम नाय टाकली?"

"न्हाई रं."

"आयला! आमी समजलो, पगारवाढ नाय दिली म्हनून साहेबांचा सूड घेतलात. आमच्यात तुमची केवडी इज्जत वाढलेली!"

साहेबांना ठसका लागला. वैभवी वहीत तोंड लपवून हसत होती. साहेब म्हणाले, "अहो, पण नाक नसलेला स्वयंपाकी ठेवायचा कसा?"

"मीठ, आंबट, कडू मी आता चाखून बघतो," मामा म्हणाले. "करपल्याचा आन् नासल्याचा वास तेवडा मला कुनीतरी सांगावा. मी आईकंन." शेवटचे दोन शब्द त्यांनी इतके सावकाश उच्चारले, जणू परकी भाषा बोलत होते.

साहेबांनी डाळीचा एक घास घेतला. दुसरा घेतला. केटररचं काय ते पुढच्या महिन्यात बघू म्हणाले, आणि तिसरा घेतला. त्या दिवशी बादली सहा किलो भरली.

वैभवीने लगेच ड्युटीच्या फळ्यावर एक नवा रकाना आखला: 'नाक'. रोज एका कामगाराने साडेनऊला पाच मिनिटं भटारखान्यात यायचं, हुंगायचं आणि खरं सांगायचं. पहिलं नाव लागलं प्रदीपचं.

सकाळी प्रदीप मोठ्या ऐटीत आला, पातेल्यावर वाकला, डोळे मिटले, वाफ ओढली. मामा श्वास रोखून उभे.

"काय येतंय?"

प्रदीपने आणखी एकदा हुंगलं, आणि खिशातून रुमाल काढून जोरात नाक शिंकरलं.

"काय नाय, मामा. मला कालपासून सर्दी हाय."

मामांनी पळी उगारली, मग खाली घेतली, आणि खिडकीतून डोकं बाहेर काढून ओरडले, "मॅडम, दुसरं नाक पाठवा!"