ओल्या प्रिंटवर बोलायचं नाही

धाकटीने घरी प्रिंटर घेतल्याचं थोरलीला फोनवर कळलं आणि तिच्या पोटात जे दुखायला लागलं ते काही थांबेना. आता प्रिंटर काय, कोणीही घेतं. लोक त्यावर तिकिटं छापतात, मुलांचे गृहपाठ छापतात. पण धाकटी म्हणाली, "ताई, बाबांचा तो जुना फोटो नव्याने काढायचाय मला, ब्लॅक अँड व्हाइट. तू येऊन बघ. तुझ्याशिवाय कोणाला कळणार त्यातलं?"

हे मात्र खरं होतं. थोरलीने एकतीस वर्षं एका स्टुडिओच्या डार्करूममध्ये काढली होती. खिडकी नसलेली खोली, लाल दिवा, पाण्याचे ट्रे आणि चिमटे. फोटो धुण्याच्या औषधांनी तपकिरी झालेली नखं निवृत्तीनंतरही पुरती उजळली नव्हती. हाताखाली येणाऱ्या प्रत्येकीला ती पहिल्या दिवशी एकच नियम ऐकवायची: ओल्या प्रिंटवर बोलायचं नाही. ओला कागद फसवतो, वाळू दे, मग तोंड उघड. धाकटी कॉलेजात असताना एकदा डार्करूम बघायला आली होती, तिलाही हेच ऐकवून झालं होतं.

बाबांचा फोटो सव्वीस वर्षं आईच्या पलंगासमोर होता. बाबा शिंपी. फोटोत ते स्वतः शिवलेला काळा कोट घालून मशीनवर हात ठेवून उभे होते. प्रिंट थोरलीचा. आई राहायची धाकटीकडे, आणि हे दुखणं जुनंच होतं. कोणत्या डब्यात आईची गोळी आणि कोणत्या बाजूला तिची उशी, हे धाकटीला माहीत आणि थोरलीला विचारावं लागे. पण घरात कोणीही आलं की आई बोट दाखवून म्हणायची, "हा आमच्या थोरलीच्या हातचा." या एका वाक्यावर थोरलीचं भागत असे. मग प्रिंटचा एक कोपरा पिवळा पडला. थोरलीने भिंतीच्या ओलीला नावं ठेवली. धाकटीने कपाटातून जुनी निगेटिव्ह शोधून काढली आणि दुकानातून स्कॅन करून आणली.

थोरली गेली ती पर्समध्ये भिंग घेऊनच. टेबलावर तो प्रिंटर बसला होता, ब्रेडच्या डब्याएवढा. कुरकुर करत त्याने कागद बाहेर ढकलला. धाकटीने तो दोन्ही हातांनी उचलून ताईपुढे धरला, शाळेतली वही दाखवावी तसा.

थोरलीला पहिल्यांदा दिसले ते टाके. बाबांच्या कोटाच्या कॉलरवरचे बारीक हातटाके, एकेक मोजता यावा इतके. तिच्या प्रिंटमध्ये तो सगळा कोट म्हणजे नुसता काळा गोळा होता. "निगेटिव्हमध्येच नाही तिथे काही," असं ती सव्वीस वर्षं सांगत आली होती. आणि या बाईने, जिला साधा कॅमेरा सरळ धरता येत नव्हता, चार बटणं दाबून ते काढून दाखवलं. थोरलीचा नुसता जळफळाट झाला. बाबांचे टाके बघून डोळे भरून यायला हवे होते, पण तिला हेवाच वाटला, दुसरं काही नाही.

मग तिला कोटाच्या सावलीत हिरवट झाक दिसली. शाई अजून ओली होती. नियम तिच्या ओठांवर आला होता. तो तिने गिळला.

"हिरवा मारतोय," ती म्हणाली.

"हो का गं?" धाकटीने निमूटपणे रंग बदलून दुसरा काढला.

"आता गुलाबी."

तिसऱ्याचा काळा म्हणे राखाडी होता. चौथ्यात बाबांचा चेहरा पिठात पडल्यासारखा दिसत होता. पाचव्यावर तिने भिंगातून आडव्या रेघा शोधल्या, आणि सहाव्यावर नुसतीच मान हलवली. प्रत्येक कागद हातात येतो न येतो तोच तिने नापास केला. धाकटी प्रत्येकाच्या पाठीवर पेन्सिलीने आकडा टाकत होती. सहाव्यानंतर तिचं तोंड उतरलं.

"राहू दे ताई. सकाळी उजेडात एकदा बघ. नाहीच जमलं तर तुझाच राहू दे भिंतीवर."

परतताना बसमध्ये थोरली चक्क गुणगुणत होती.

सकाळी सहाही प्रिंट खिडकीखाली ओळीने मांडलेले होते, आकडे खालच्या बाजूला. रात्रभरात शाई वाळली होती. थोरली वाकली. पाच प्रिंट कुठे ना कुठे बिघडलेले होते, एकाला मात्र नाव ठेवायला जागा नव्हती. काळा म्हणजे काळा, हिरव्याचा मागमूस नाही, कपाळावर उजेड, आणि कॉलरवर टाके. शेजारच्या कामचलाऊ प्रिंटवर बोट ठेवलं असतं तरी धाकटीला काय कळणार होतं? मनात ते आलंही. पण एकतीस वर्षांचा हात तिचं ऐकेना. त्याने बरोबर तोच उचलला.

धाकटीने कागद उलटला. पाठीवर एक आकडा होता: १.

तिने ताईकडे पाहिलं, एवढंच. मग ती फ्रेम उतरवायला स्टूल घेऊन आली.

दुपारी शेजारच्या बाई डोकावल्या. आईने भिंतीकडे बोट केलं. थोरलीने खाली पाहिलं. आता ते वाक्य दुसरीचं होणार होतं.

"हा आमच्या धाकटीने काढला," आई म्हणाली. "पण पास केला थोरलीने. काल सहा वेळा नापास केला, तेव्हा कुठे आज हा जमला. तिची नजर फार कडक. बहीण म्हणून सूट नाही देत."

थोरलीला ते कौतुक ऐकवेना. मांडीवर जुना प्रिंट होता, त्याच्या पिवळ्या कोपऱ्यावरून ती अंगठा फिरवत राहिली.

"आई, हा कालचा पहिलाच आहे," ती म्हणाली. "चांगला होता. मी ओल्यावरच बोलले."

"म्हणजे गं काय?"

धाकटी पाठमोरी उभी राहून फ्रेम सरळ करत होती. तिने वळून पाहिलं नाही.

"काही नाही गं आई," ती म्हणाली. "ताईला तो बघताक्षणीच आवडला होता."