नाव न घेणारे काका

“आपण कोनाचं नाव नाई घेत. पन दहा नंबरले मी ठाण्यात बसलेला पाह्यला.”

कॉलेजच्या मैदानावर, गोलपोस्टमागे घडीची खुर्ची टाकून बसलेले काका एवढं बोलले आणि थर्मासच्या झाकणात चहा ओतू लागले. आमच्या फुटबॉल संघासाठी घसा बसेपर्यंत ओरडणारी पोरं खेळ सोडून त्यांच्याकडे वळली. त्याच आठवड्यात वडनेरकडच्या विहिरींवरून मोटारपंपांच्या केबली चोरीला गेल्या होत्या. आणि दहा नंबरची जर्सी घालणारा आमचा खेळाडू वडनेरचा.

काकांना तुम्हीही ओळखता. प्रत्येक कॉलेजच्या ऑफिसात एक असतातच. आमचे बोनाफाइडच्या खिडकीवर बसत. एका सहीसाठी मुलांना तीन चकरा मारायला लावत. खेळाडूंना मात्र मैदानावर, स्कूटरच्या सीटवर कागद ठेवून सही देत. मी ग्रंथालयात पुस्तकांना क्रमांक चिकटवते. इंग्रजी पुस्तकं वाचते म्हणून मला ते ‘इंग्लिश मॅडम’ म्हणत आणि उत्तराची वाट न पाहता पुढे जात. माझी त्याला हरकत नव्हती.

“काऊन काका, त्यानंच चोरल्या काय?” एकानं विचारलं.

“मी कुठं तसं म्हनलं? मी इतकंच म्हनून राह्यलो, ठाण्यात कोनी परसाद घ्याले जाते काय?”

नाव न घेण्याचा त्यांना भारी अभिमान होता. त्यामुळे त्यांचे हात नेहमी स्वच्छ असत. पुढचं काम पोरं करत. संध्याकाळपर्यंत पोरांच्या तोंडी दहा नंबरला पोलिसांनी उचललेलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांच्याच तोंडी त्याच्या घरी तांब्याची तार सापडलेली होती.

पुढच्या सामन्यात त्यानं दोन गोल केले. पहिल्याला काका सवयीनं उठले, टाळी वाजवायला हात वर नेले आणि मग आठवण झाल्यासारखे खाली बसले.

“पळते मात्र चांगला. सराव असन.”

पोरं हसली. वर्षभरापूर्वी हीच पोरं त्याला खांद्यावर घेऊन नाचली होती.

एक गोष्ट सांगायलाच हवी. त्याचा घोटा मुरगळला तेव्हा काकाच त्याला स्कूटरवर सेवाग्रामला घेऊन गेले होते. एक्स-रे होईपर्यंत बाकावर बसून राहिले, आपला डबा त्याला भरवला. तेव्हा तो ‘आपला वाघ’ होता. म्हणून मला त्यांचा नुसता राग येत नाही. किळस येते, आणि ती पुन्हा पुन्हा त्या डब्यापाशी अडते.

कारण मला खरं काय ते माहीत होतं. ठाण्यात त्या दिवशी मीही होते, पासपोर्टच्या चौकशीसाठी. दहा नंबरची खेळाडूंच्या कोट्यातून सरकारी नोकरीसाठी निवड झाली होती आणि चारित्र्याचा दाखला हवा होता. फॉर्म इंग्रजीत. “ताई, एवढं भरून देता का?” त्यानं विचारलं. ठाण्याच्या ओसरीतल्या बाकावर बसून मी भरत होते, तो शेजारी मान खाली घालून बघत होता. रस्त्यावरून स्कूटरनं जाताना काकांनी ती खाली घातलेली मान तेवढी पाहिली. माझ्याकडे त्यांचं लक्ष गेलं नाही. कोणाचंच जात नाही.

मी तीन आठवडे गप्प बसले. मी बोलले असते तर गोष्टीत एक मुलगी आली असती, आणि मग केबली बाजूला राहिल्या असत्या.

एका दुपारी कँटीनमध्ये हवालदार आले. हातात तोच फॉर्म, वर त्याचा फोटो.

“या पोराबद्दल काय मत आहे तुमचं? दाखल्यासाठी लिहाचं आहे.”

पोरं आपापल्या समोशांकडे बघू लागली. काकांनी कप खाली ठेवला, रुमालानं ओठ टिपले.

“आपण कोनाचं नाव नाई घेत, साहेब. पन मी त्याले...”

हवालदारांनी पेनाचं टोपण काढलं.

कोपऱ्यात डबा खात बसलेली मी उठले. डब्याचं झाकण खाली पडलं, तेव्हा कुठे सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“काका, ठाण्यात त्या बाकावर त्याच्या शेजारी मी होते. हा फॉर्म मी भरलाय. आता माझं नाव घ्या.”