नाव विचारणाऱ्या अक्का

“नाव आपण सांगायचं नाही, विचारायचं,” असे म्हणून अक्का औषधांच्या पाकिटावर डावा तळहात ठेवीत, आणि खिडकीपलीकडचा माणूस आपले नाव, गाव आणि गोळी कशासाठी आहे हे सांगेपर्यंत तो हात उचलीत नसत. त्यांचे नाव मी येथे लिहिणार नाही, त्याचे निम्मे कारण हेच. उरलेले निम्मे कारण म्हणजे माझा भिडस्तपणा. त्याविषयी पुढे सांगणे भागच आहे.

अशा खिडकीपुढे तुम्हीही कधी उभे राहिला असाल. आतून कोणीतरी “लक्ष्मम्मा?” म्हणून पुकारते आणि रांगेतल्या दोघीतिघी एकदम मान हलवतात. कानाने अधू, दमलेला किंवा घाईत असलेला माणूस कोणत्याही नावाला होकार देतो, हे मल्लेश्वरममधल्या आमच्या इस्पितळाच्या फार्मसीत अक्कांनी उभ्या नोकरीत पाहिले होते. म्हणून नाव पुकारून होकार घेणे त्यांच्या राज्यात निषिद्ध होते. इस्पितळाचे मुख्य डॉक्टर स्वतःच्या रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला आले, तरी अक्का शांतपणे विचारीत, “आपलं नाव?” डॉक्टर हसत हसत स्वतःच्या नावाबरोबर वडिलांचेही सांगून टाकीत. भाचीच्या लग्नात बोहल्याशी उभ्या असलेल्या नवरदेवालाही त्यांनी नाव विचारले होते म्हणे. विहीणबाई रागावल्या, तेव्हा अक्का म्हणाल्या, “एकदा दिल्यावर परत घेता येत नाही हो.”

अक्का बेंगळुरूच्याच. त्यांचे घराणे कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे येऊन स्थायिक झालेले, त्यामुळे त्यांच्या मराठीत ‘थोडे’साठी ‘स्वल्प’ आणि ‘ठीक’साठी ‘सरी’ हे कानडी शब्द अगदी घरच्यासारखे वावरत. मी बेळगावकडची. रसायनशास्त्राची पदवी घेतली, संसार केला, आणि मुले आपापल्या वाटेला लागल्यावर चाळिशी ओलांडून फार्मसीच्या पदविकेला बसले. पुस्तकी परीक्षा सुरळीत पार पडल्या. परंतु फार्मासिस्ट म्हणून राज्याच्या नोंदणीत नाव यायचे, तर मान्यताप्राप्त ठिकाणी प्रत्यक्ष काम शिकून प्रशिक्षकाच्या सहीचा दाखला आणावा लागतो. दाखला नाही तर नोंदणी नाही, आणि नोंदणी नाही तर एवढी धडपड करून मी पुन्हा स्वयंपाकघरातच. माझ्या वर्गातल्या एकीने ओळखीच्या दुकानातून पहिल्याच आठवड्यात सही मिळवली होती. मी ते अक्कांना भीत भीत सुचवून पाहिले. त्या रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, “सही माझी असते, पण तिच्या भरवशावर गोळी गिळतो तो पेशंट. त्याला विचारून येता का?”

माझी अडचण औषधांची नव्हती. मात्रा, साठवण, कोणत्या गोळीबरोबर कोणती चालत नाही, हे सारे मला येत होते. अडचण आवाजाची होती. वडीलधाऱ्या माणसाला तोंडावर “तुमचं नाव काय?” असे विचारणे मला उद्धटपणाचे वाटे. मी पाकिटावरचे नाव हळूच पुटपुटत असे आणि मान हलली की सुटकेचा निःश्वास टाकीत असे. अक्कांची खुर्ची दूर, इन्सुलिनच्या फ्रिजजवळ. तिथून त्या म्हणत, “काय मौनीबाई, मंत्र घातला का औषधावर?” प्रशिक्षणाची मुदत संपत आली, तेव्हा त्यांनी मला आपली अट सांगितली. “तुमचा आवाज मला इथं खुर्चीत ऐकू आला की सही. मी उठून येणार नाही.”

आमच्या फार्मसीच्या भिंतीवर देवांची बरीच चित्रे होती. वेंकटरमण, गणपती, आंजनेय, शंकर, लक्ष्मीनरसिंह, सारी जुन्या कॅलेंडरांवरून कापून चौकटीत बसवलेली. अक्का फार भाविक असाव्यात, असा माझा समज झाला. वास्तविक त्या चित्रांना त्यांनी कधी उदबत्तीही ओवाळली नाही. खुलासा झाला तो एका म्हातारीमुळे. ती नवऱ्याची औषधे न्यायला आली होती आणि नवऱ्याचे नाव काही केल्या घेईना. पदर तोंडाला लावून नुसती हसत राहिली. अक्कांनी भिंतीकडे हात केला. म्हातारीने सगळी चित्रे न्याहाळली आणि शंकराकडे बोट दाखवले. पाकिटावर शिवण्णा असे नाव होते. “आपल्याकडे उखाण्यात तरी घेतात,” अक्का मला म्हणाल्या, “इथं रांग थांबवून उखाणा कुठं ऐकत बसायचा?”

एकदा तपासणीला मंडळी आली आणि औषधांच्या खोलीत देव कशाला, असे विचारू लागली. अक्कांनी गंभीर चेहऱ्याने उत्तर दिले की हे देव नाहीत, ही पेशंटची ओळख पडताळण्याची साधने आहेत. तपासनीसांनी प्रात्यक्षिक मागितले, आणि योगायोगाने रांगेत दुसऱ्याच क्रमांकावर उभ्या असलेल्या बाईने नवऱ्याचे नाव न घेता गणपतीकडे बोट दाखवले. चित्रे भिंतीवर राहिली.

त्या चित्रांत अगदी कडेला एक घोड्यावरचा खंडोबा होता. त्याच्याकडे बोट दाखवणारी बाई मी कधी पाहिली नाही. हा कोणासाठी, असे मी विचारले तेव्हा अक्का फ्रिजचे तापमान पाहू लागल्या. “असू दे,” म्हणाल्या, “लागेल कधी तरी.”

मुदतीच्या शेवटच्या आठवड्यातली गोष्ट. खिडकीवर मी एकटी होते. एक आजी आल्या, खांद्याला पिशवी, नजर सारखी रस्त्याकडे. त्यांना गावाकडची बस गाठायची होती. नवऱ्याचे नाव अर्थातच घेईनात. भिंतीवरच्या लक्ष्मीनरसिंहाकडे बोट करून मोकळ्या झाल्या. माझ्यासमोर नरसिंहय्या या नावाचे पाकीट तयार होते. मी त्यावर हात ठेवला, आणि तेवढ्यात मागच्या ट्रेमध्ये दुसरे पाकीट दिसले: नरसिंहमूर्ती. एकात मधुमेहाच्या गोळ्या, दुसऱ्यात रक्त पातळ करणाऱ्या.

मी गाव विचारले, माझ्या नेहमीच्या आवाजात. आजींना ऐकू आले नाही. त्यांनी पाकिटाचे दुसरे टोक धरून ओढले. मी पुन्हा विचारले आणि पाकीट दाबून धरले. त्यांनी अधिक जोराने ओढले. रांगेला ही झटापट आवडू लागली. मागून कोणीतरी म्हणाले की आजीच जिंकणार. मी अक्कांकडे पाहिले. त्या खुर्चीत मागे टेकून बसल्या होत्या आणि छताचा पंखा पाहत होत्या. पाकीट माझ्या बोटांतून निसटू लागले. त्या क्षणी भीड, रीतभात, सारे बाजूला राहिले, आणि मी कानडीत ओरडले, “अज्जी, गाव सांगा! सांगितल्याशिवाय हे पाकीट मी सोडणार नाही.”

आजींनी माझ्याकडे आश्चर्याने पाहिले, पाकीट सोडले आणि माझ्याहून मोठ्या आवाजात सांगितले, “आनेकल!”

माझ्या हाताखालच्या पाकिटावर राजाजीनगर लिहिले होते.

मी दुसरे पाकीट आणले, त्यावरचे आनेकल वाचले, गोळी कशासाठी ते आजींकडून वदवून घेतले (रक्त पातळ करायची, हे त्यांना चोख ठाऊक होते), आणि मगच हात उचलला. जाताना आजी रांगेला सांगून गेल्या की ही पोरगी भांडखोर आहे पण चांगली आहे. वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी मला पोरगी म्हणणारे आणि भांडखोर म्हणणारे माणूस एकाच वेळी भेटले, याचा आनंद मी अजून विसरलेले नाही.

फ्रिजजवळून आवाज आला, “सरी. गळा आहे तर.” दुपारी अक्कांनी दाखल्यावर सही केली, शाई वाळेपर्यंत कागदावर हळूच फुंकर घातली, आणि त्या दिवसापासून मला ‘तू’ म्हणू लागल्या.

पुढे अक्का निवृत्त झाल्या. त्यांच्या जागी त्यांची खुर्ची तेवढी राहिली. तिच्यावर बसायला आम्ही कोणी धजत नाही, म्हणून तिच्यावर सध्या रिकामी खोकी बसतात. नव्या मुली येतात, पुटपुटतात. मी त्यांना फ्रिजजवळून सांगते की मला ऐकू आले नाही.

मागच्या महिन्यात टोकन घेऊन, रांगेत उभे राहून अक्का खिडकीवर आल्या. यजमानांच्या गोळ्या न्यायच्या होत्या. इतक्या वर्षांत ‘आमच्या घरचे’ यापलीकडे त्यांनी त्यांचा कधी उल्लेख केलेला नव्हता. पाकीट समोरच होते, त्यावरचे नाव मी वाचलेले होते, आणि या बाई कोण हे साऱ्या फार्मसीला माहीत होते. तरीही मी पाकिटावर डावा तळहात ठेवला आणि शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असे विचारले, “पेशंटचं नाव सांगा, अक्का.”

पदराचे टोक ओठांशी नेत, नव्या नवरीसारख्या हसत, अक्कांनी बोट उचलले आणि भिंतीच्या कडेला, घोड्यावरच्या खंडोबाकडे दाखवले.

“आणि गाव?” मी विचारले.

“मल्लेश्वरम,” अक्का खणखणीत आवाजात म्हणाल्या.