बाळाजी प्रोटोकॉल

आवडाबाई आमच्या चौलच्या कॉलेजात कॉम्प्युटर लॅबची शिपाई म्हणून लागली आणि तिसऱ्याच दिवशी तिनं प्राचार्यांकडे जाऊन अजेय सरांची तक्रार केली.

झालं होतं असं. ती लॅबबाहेरच्या बाकावर फडक्यांच्या घड्या घालत बसली होती. आत सर ऑपरेटिंग सिस्टिम शिकवत होते. सर तसे फार मवाळ. वर्गात गांधीलमाशी शिरली तर तिला वहीवर घेऊन खिडकीबाहेर सोडतील. पण त्या दिवशी त्यांचा शांत आवाज बाहेर आला, "आईच्या आधी पोरांना मारायचं. आई आधी मेली तर पोरं अनाथ होऊन मागे राहतात. आणि पोर मेलं, पण आईनं चौकशीच केली नाही, तर त्याचं भूत होतं."

तीस मुलं हे निमूटपणे लिहून घेत होती. एका मुलीनं तर शंकाही विचारली, "सर, मारूनही पोर मरत नसेल तर?"

"मग नऊ नंबर लावायचा," सर म्हणाले. "त्यातून कुणी वाचत नाही."

आवडाबाई फडकी तिथंच टाकून पळाली.

प्राचार्या भार्गवी मॅडम वनस्पतिशास्त्राच्या. त्यांनाही ऐकून घाम फुटला. सरांना बोलावणं गेलं. सरांनी समजावलं की कॉम्प्युटरमध्ये चालू असलेल्या एकेका कामाला प्रोसेस म्हणतात. एका कामानं दुसरं सुरू केलं की पहिलं आई आणि दुसरं पोर. काम बंद पाडणं म्हणजे मारणं, आणि नऊ नंबर हा त्याचा शेवटचा हुकूम. मॅडमचा जीव भांड्यात पडला. आवडाबाईचा नाही पडला.

"मंग काम बंद करा असं म्हनावं की. मारा कशाला?"

"पुस्तकात तसंच आहे हो," सर ओशाळून म्हणाले. "तुम्ही असं करा, मागच्या बाकावर बसून ऐका. काही वावगं वाटलं तर मला सांगा."

तिनं हे मनावर घेतलं. रामराज गावाच्या बाजूच्या आपल्या खेड्यातून रोज यायची, लॅब झाडायची आणि तास सुरू झाला की मागच्या बाकावर राखणीला बसायची. अशी सात वर्षं गेली आणि ती सगळ्या मुलांची मावशी झाली. आम्ही शेवटच्या वर्षाला आलो तोवर सरांचे सगळे विनोद तिला पाठ झाले होते. सर विनोदापर्यंत पोचायच्या आत ती हसून मोकळी व्हायची. एका अर्थी बरंच होतं, कारण हसायचं कुठे ते आम्हाला एरवी कळलं नसतं.

आमच्या तोंडी परीक्षेला चार दिवस उरले आणि सरांचा घसा बसला. दोन दिवस कबड्डीच्या सामन्यांचं समालोचन केलं होतं त्यांनी. डॉक्टरांनी आठवडाभर अवाक्षर काढायचं नाही म्हणून बजावलं. नेटवर्कची, म्हणजे कॉम्प्युटरनं कॉम्प्युटरशी बोलायच्या टीसीपी, यूडीपी अशा प्रोटोकॉलची, उजळणी तर सगळी राहिलेली. सर फळ्यावर लिहू लागले, पण त्यांचं अक्षर त्यांनाच लागेना.

शेवटी प्रणाली म्हणाली, "मावशी, तुम्हीच सांगा ना. तुम्हाला सगळं येतं."

सरांनी खडू तिच्या हातात दिला आणि स्वतः तिच्या बाकावर जाऊन बसले.

मावशीनं खडू टेबलावर ठेवला, पदर खोचला. "टीसीपी म्हंजे मी," ती म्हणाली. "बांधावरनं मी जावेला हाक मारते, 'केसर, आयकतंस का?' ती म्हनते, 'आयकतंय, तू आयकतंस का?' मी म्हनते, 'आयकतंय.' मंगच बोलनं सुरू. एकेका वाक्याला तिनं 'व्हय' म्हनायचं. 'व्हय' न्हाय आला की मी तेच परत बोलनार. कलला?"

"कळला."

"आनि यूडीपी म्हंजे माझा भाव बाळाजी, रिक्षा चालवतो तो. गाडी चालू केली की बोलाया लागतो. समोरचा आयकतो का, झोपला का, उतरून गेला, कायपन बघत न्हाय. पाठवत सुटतो."

"मग त्याचा उपयोग काय, मावशी?" विपुलनं विचारलं.

"येग! सुसाट जातं. रेवदंड्याशी बसलास तर अलिबागपरयंत सगल्या तालुक्याची बातमी कलते. थोरी वाटंत गललीच तर गलली."

मागच्या बाकावर सर बिनआवाजाचं हसत होते. आम्ही मात्र जन्मात पहिल्यांदा नेटवर्क समजल्यासारखं वहीत लिहून घेतलं, आणि चूक तिथंच झाली.

परीक्षेला बाहेरून महादेव सर आले. कडक इस्त्री, जाड चष्मा. पहिला नंबर हर्षदचा. "यूडीपी म्हणजे काय?"

"बाळाजी, सर."

"काय?"

हर्षदनं वहीतलं वाक्य म्हणून दाखवलं. "बाळाजी पाठवत सुटतो, सर. पोचलं का ते बघत नाही."

परीक्षकांनी कागदावर 'बाळाजी' लिहून पुढे प्रश्नचिन्ह काढलं. मग मृणालनं सांगितलं, 'व्हय' आला नाही की पुन्हा पाठवायचं. गणराज म्हणाला, बाळाजीला वेग आहे पण भरवसा नाही. नवव्या विद्यार्थ्यापर्यंत परीक्षक घाईघाईनं अभ्यासक्रमाची पानं उलटत होते.

"हा नवीन प्रोटोकॉल आहे का हो?" त्यांनी अजेय सरांना हळूच विचारलं. "माझ्या वाचनात नाही आला."

सरांना बोलता येत नव्हतं. त्यांनी दोन्ही हातांनी स्टिअरिंग फिरवून दाखवलं.

"अच्छा, वाट ठरवायचा, रूटिंगचा आहे," परीक्षक म्हणाले आणि लिहून घेतलं.

तेवढ्यात मावशी पाण्याचा ग्लास घेऊन आली. "बाळाजी व्हय? माझा भाव हाय तो. खाली उभा हाय गाडी लावून."

परीक्षकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग तिला समोर बसवून तीन प्रश्न विचारले. पहिल्या दोन्हींची उत्तरं तिनं धडाधड दिली. तिसरा नेटवर्कमधल्या कॉम्प्युटरांच्या पत्त्यांच्या हिशेबाचा होता. "ते गनित हाय. गनिताशी माझं जमत न्हाय."

"शिकलात किती?"

"धावी नापास. दोनदा."

परीक्षा संपेस्तोवर परीक्षकांची एसटी निघून गेली होती, म्हणून ते बाळाजीच्या सहा आसनी रिक्षात बसून अलिबागला गेले. दुसऱ्या दिवशी त्यांचा मॅडमना फोन आला. सगळी मुलं पास होती. "आणि यूडीपी माझ्या नीट लक्षात आला," ते म्हणाले. "मी अलिबागच्या आधी उतरणार होतो. पण ते सांगायला मधे जागाच मिळाली नाही."

पुढं मॅडमनीच मावशीकडून दहावीला पुन्हा बसायचा फॉर्म भरून घेतला. गणित आम्ही पाळीपाळीनं शिकवलं. प्रणालीला तर निकालाच्या दिवशी मावशीपेक्षा जास्त धडकी भरली होती. गणितात काठावर पास, इतिहास-भूगोलात मात्र चौऱ्याऐंशी. मावशी तो कागद तीन दिवस ब्लाउजमध्ये घालून हिंडली. विचारील त्याला काढून दाखवायची, न विचारील त्यालाही.

जूनमध्ये तिनं अकरावीला नाव घातलं, कॉमर्सला. सर जरा खट्टू झाले. "अहो, सायन्स का नाही घेतलं?"

"सायन्सला प्रॅक्टिकल असतं, सर," मावशी म्हणाली. "पोरं सगला पसारा मांडून जातात. मंग मीपन त्यांच्यात बसले तर झाडायचं कुनी?"