जावझमाने आणलेलं हवेचं यंत्र

जावझमाला वस्तू उघडून बघायची खोड होती. गालिच्याच्या कारखान्यात तिचा जन्म गेला. तिथे माग अडला की मिस्त्री यायच्या आत हिने झाकण काढलेलं असायचं. निम्म्या वेळा माग चालू व्हायचा, निम्म्या वेळा मिस्त्री शिव्या घालायचा. नवरा गेला त्या वर्षी तिने त्याचं मनगटी घड्याळ उघडलं. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, "रडून झालं होतं, हात रिकामे होते." "असंच असतं" म्हणून तिच्यापुढे वेळ मारून नेणं कुणाला जमायचं नाही.

मंगोलियातल्या उलानबातर शहराच्या उत्तरेच्या टेकडीवर तिचं गेर, म्हणजे गोल तंबूघर. लाकडी जाळीच्या पाच भिंती, त्यावर लोकरीचा जाड नमदा, मधोमध चूल, चुलीचं धुराडं छताच्या गोल झरोक्यातून बाहेर. आत राहायला ती, मुलगा तुमेन, सून सारनाई आणि नात नोमून. टेकडीवर घरटी कोळशाची चूल, तिच्या धुरामुळे हिवाळ्याच्या संध्याकाळी समोरचं कुंपणही दिसत नाही. त्याचं कुणाला काही वाटतही नाही. पण त्या वर्षी नोमूनचा खोकला हटेना. डॉक्टरीणबाईंनी पोरीची छाती तपासली आणि सारनाईला बाजूला घेतलं. घरी आल्यावर सारनाईने चहा ओतता ओतता सांगून टाकलं, "आई, हा हिवाळा नोमून माझ्या आईकडे राहील. तिथे घर ऊबदार ठेवायला नळातून गरम पाणी फिरतं, चूल नाही."

"आणि मी?"

"तुम्ही इथेच. चूल विझली तर घरातलं पाणीसुद्धा गोठेल. ती कोण बघणार?"

खोटं काय होतं त्यात? पण पोर जन्मापासून जावझमाच्या अंथरुणात झोपलेली. म्हातारीने वाटी खाली ठेवली. "हवा धुणारं यंत्र मिळतं म्हणे, हवा चांगली की वाईट ते दिव्याच्या रंगाने सांगणारं. ते आणून बघू. त्याचा दिवा हिरवा राहिला तर पोर इथे. लाल राहिला तर तू म्हणशील तसं."

"थंडीचा कडाका सुरू होईपर्यंतच थांबेन हं."

सणाला नवा डेल, म्हणजे लांब अंगरखा, शिवायचा म्हणून ठेवलेले पैसे घेऊन जावझमा दुकानात गेली. दुकानदार कोवळा पोरगा, शर्ट इस्त्रीचा.

"खोली केवढी आहे, आजी?"

"पाच भिंतींची."

"तसं नाही. लांबी, रुंदी?"

"गोल घराला कसली लांबी-रुंदी? शहरात जन्मलास काय रे?"

"हो."

"दिसतंच आहे. बरं, हे सांग, धूळ आत जाते, मग पुढे कुठे जाते?"

"आतल्या जाळीत अडकते."

"दाखव."

"आजी, खोकं उघडलं तर परत घेत नाही आम्ही!"

"परत द्यायला आलंय कोण? उघड."

त्याने उघडलं. आतली घडीघडीची पांढरी जाळी प्लास्टिकच्या पिशवीत बंद होती. ती पिशवी काढून मगच यंत्र चालू करायचं, हे त्याने सांगितलं आणि जावझमाने ऐकलं. पुढे तिने टेकडीवर घरोघर जाऊन लोकांची यंत्रं उघडली, तेव्हा दोघातिघांकडे ती पिशवी तशीच निघाली. लोक पैसे मोजून आणतात आणि झाकण उघडून बघत नाहीत, ह्याला काय म्हणावं?

घरी सारनाईने सूचना वाचल्या. "यंत्र कोपऱ्यात ठेवू नये."

"कोपरा आणायचा कुठून?" जावझमा म्हणाली, आणि तुमेन चहा सांडेपर्यंत हसला.

मग यंत्र ठेवलं दारासमोरच्या मानाच्या जागी, देवाच्या पेटीजवळ, वाडवडिलांच्या तसबिरींखाली. एवढी महाग वस्तू, दुसरी कुठे ठेवणार? आणि घरात नवं काही आलं की आर्त्सच्या धुराने ते शुद्ध करायचं, ही रीत. आर्त्स म्हणजे डोंगरातल्या झुडपाचा सुकवलेला पाला. निखाऱ्यावर टाकला की सुगंधी धूर येतो. जावझमा तो रोज पहाटे घरभर फिरवायची. आता यंत्राभोवती तीन फेरे जास्त, आणि मनातल्या मनात, "बाबा रे, पोरीला ठेव इथे."

सारनाई उठायची तेव्हा दिवा लाल.

"पुन्हा लाल, आई."

"नवीन आहे. रुळेल."

ते काही रुळलं नाही. तेव्हा मात्र जावझमाने स्टूल ओढलं आणि यंत्रासमोर ठाण मांडलं. चहा उकळला, दिवा हिरवा. केर काढला, पिवळा. मटण तळलं, लाल. चुलीत कोळशाची वीट टाकायला झाकण उचललं, लाल. झाकण पटकन लावलं, थोड्या वेळाने हिरवा. नोमून शेजारी बसून रंग ओरडून सांगायची. दोघींना सिनेमा बघावा तशी मजा येत होती. नोमून म्हणाली, "आजी, आता देवाचा धूर!"

"अगं, तो चांगला धूर. त्याला काही नाही होणार." तिने आर्त्स पेटवला आणि पहिला फेरा घातला.

दिवा लालभडक. आतला पंखा रेड्यासारखा फुरफुरायला लागला.

"पापी आहेस!" जावझमा यंत्राला म्हणाली. मग धूर बाहेर घालवून, हिरवा होऊ देऊन, पुन्हा फिरवला. पुन्हा लाल. देवाचा धूर कोणता आणि चुलीचा कोणता, हे त्या पेटीला कळत नव्हतं. मग पोरीच्या छातीला तरी कुठून कळणार? हा प्रश्न डोक्यात आला आणि तिने आर्त्सचे निखारे दाराबाहेर नेऊन टाकले.

संध्याकाळी सून आली, तेव्हा तिने कोट काढायच्या आत जावझमाने सांगितलं, "सकाळचा लाल दिवा माझा होता. मीच धूर घालत होते."

सारनाईला आधी कळेना, मग हसू आवरेना. "तुम्ही हवेच्या यंत्राला धूप दाखवत होतात?"

"नव्या वस्तूला दाखवतात. तुला नव्हता दाखवला, लग्नात?"

त्यानंतर आर्त्स दाराबाहेर पेटायला लागला, आणि यंत्र मानाच्या जागेवरून आजी-नातीच्या अंथरुणाजवळ आलं. सकाळचा दिवा हिरवा झाला. जावझमा जिंकलीच होती. पण संध्याकाळी टेकडीवरच्या सगळ्या चुली पेटल्या की दार उघडायचा अवकाश, दिवा लाल, आणि हिरवा व्हायला पोर झोपी जाईपर्यंत वेळ. ह्याच्यावर ती गप्प बसली असती तर चाललं असतं. पण मग प्रश्न डोक्यातून जाईना: तिकडे, सारनाईच्या आईकडे, काय रंग दिसत असेल?

शेवटी यंत्र रजईत गुंडाळून ती नोमूनला घेऊन बसने विहिणीकडे गेली. विहीणबाई खांदसुरेन आठव्या मजल्यावर. दार उघडताच म्हणाल्या, "अगंबाई, सामानासकट आलात?"

"राहायला नाही. तुमची हवा तपासायला."

"आमची हवा? बघा की. माझं घर आरशासारखं आहे."

यंत्र लावलं. विहीणबाई पुऱ्या तळत होत्या. दिवा लाल! जावझमाला आतून आनंदाची उकळी फुटली, खोटं कशाला बोला. विहीणबाई कढईसकट दारात उभ्या. "बिघडलंय ते!"

"बिघडलं नाही. तळण आवरा, मग बघू."

तळण आवरलं, स्वयंपाकघराचं दार लागलं, दिवा हिरवा झाला. जावझमाने वाट पाहिली. पुऱ्या खाल्ल्या, चहा प्याला, विहिणीच्या गुडघ्यांची कहाणी ऐकली, नजर दिव्यावर. खिडकीतून तिची टेकडी दिसत होती. चुली पेटायची वेळ झाली तशी ती हळूहळू धुरात बुडाली, मग दिसेनाशी झाली. खिडकीच्या आत दिवा हिरवाच. तिने यंत्र बंद करून पुन्हा लावून पाहिलं. खिडकीजवळ नेलं, पलंगाजवळ नेलं. हिरवा.

"आजी, इथे रंग बदलतच नाही," नोमून कंटाळून म्हणाली.

"हो गं. बदलत नाही." जावझमाने तिच्या डोक्याचा वास घेतला, मायेने घेतात तसा. मग विहिणीला म्हणाली, "उद्या तुमेन पोरीचं सामान आणून टाकेल. बर्फ वितळेपर्यंत तुमच्याकडे. तळताना दार लावून घ्यायचं. आणि रविवारी मी येणार, तेव्हा गुडघे नकोत, दुसरं काहीतरी बोलायचं."

विहीणबाई म्हणाल्या, "मग हे यंत्र इथेच ठेवा की, पोरीसाठी."

"इथे ह्याला काम काय?" जावझमाने वायर गुंडाळली. "ज्याच्या घरी लाल, त्याला हवं. माझा मुलगा आणि तुमची लेक श्वास घेतातच ना तिथे?"

आणि पोरीला तिथेच ठेवून, रजईचं गाठोडं पोटाशी धरून ती चूल विझायच्या आत घरी जायला निघाली.