तागुर्नाक आत्याचा मोठा मासा

गरोदर बाईला तळ्यातला सगळ्यात मोठा मासा द्यायचा, ही उत्तर ध्रुवाजवळच्या आमच्या गावची रीत, आणि तो धरायचा मान तागुर्नाक आत्याचा. बर्फाला भोक पाडून, रानहरणाच्या कातड्यावर पालथी पडून ती गळ हलवत राहते. लहान मासा लागला की त्यालाच शिव्या घालते. "आईला घेऊन ये जा!" म्हणते. अशी खुशालचेंडू बाई मी दुसरी पाहिली नाही.

यंदा मासा माझ्या बायकोसाठी, लीटियासाठी होता. पण नेमके याच वसंतात तळ्यातले मासे तपासले गेले आणि मोठ्यांत पारा निघाला. आम्ही कधी न पाहिलेल्या देशांच्या धुराड्यांतून तो वाऱ्यावर येतो, बर्फावर बसतो, बर्फ वितळलं की ओढ्यांनी तळ्यात उतरतो. मग किड्यांतून लहान माशात, लहानांतून मोठ्यात. म्हातारा मासा म्हणजे सगळ्यांचा पारा गिळून बसलेला. पोटातल्या बाळाच्या मेंदूला तो बाधतो. लहान मासे खा, असं नर्सने लीटियाला बजावलं होतं.

हे मी आत्याला सांगितलं.

"पारा? दिसतो का?"

"नाही, आत्या."

"वास येतो?"

"नाही."

"मग माशात नाही, तुझ्या डोक्यात शिरलाय मेला!"

तिने हातभर लांब मासा लीटियापुढे ठेवला. थोरांनी दिलेला मासा नाकारणं म्हणजे तोंडावर दार लावणं. लीटियाने मुकाट्याने सुरी उचलली.

बाळाला आम्ही आत्याच्या आईचं नाव देणार होतो. ती गेल्या हिवाळ्यात गेली. आमच्याकडे नावाबरोबर माणूसही परत येतं, मग मुलगा होवो की मुलगी. त्यामुळे आत्या लीटियाच्या पोटाला आतापासूनच "आई" म्हणते, आणि माझं मूल माझी आजी लागणार.

"आत्या," मी म्हणालो, "हा घास तुझ्या आईच्या तोंडी जातोय. मनात तिळाएवढी शंका असेल, तरी भरवशील?"

आत्याने लीटियाच्या हातातली सुरी काढून घेतली, मोठा मासा स्वतःकडे ओढला आणि आपल्यासाठी ठेवलेला वीतभर मासा तिच्यापुढे सरकवला. आत्याचे डोळे भरून आले होते.

"मोठा मी खाते. माझं डोकं आणखी काय बिघडायचंय?"

आम्ही हसलो. ती लीटियाच्या पोटाजवळ वाकली.

"आई, रागावू नकोस गं," ती हळूच म्हणाली. "आज एवढाच लागला गळाला."